हेलपाटे मोजा, साहेब

सोलापुरात ज्यांच्या दारावर 'कार्यालय' अशी पाटी आहे, त्या सर्व प्रमुखांस,

सप्रेम नमस्कार.

वर कुणाचंच नाव घातलेलं नाही. एकाचं घातलं असतं तर बाकीचे म्हणाले असते, 'सुटलो, आपलं नाही.' सरकारी असो, निमसरकारी असो, बँक, पतसंस्था, दवाखाना, कॉलेजचं ऑफिस, वीज, पाणी, पेन्शन, काहीही असो. ज्याच्या भिंतीला खिडकी आहे आणि खिडकीपुढे रांग आहे, त्या प्रत्येकाला हे पत्र आहे.

मी पूर्व भागातला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. आधी मागावर होतो, शेवटची चौदा वर्षं देखरेखीला. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं स्वतःच्या मनाने चाललेली, असंच मला ती लहानपणापासून आठवते. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे. तिला पेन्शन येते, किमान हजार रुपयांवाली. तो हजाराचा आकडा 2014 साली ठरला, त्यावर मी इथे बोलत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. म्हणजे आई जिवंत आहे, हे मशीनला पटवून द्यावं लागतं.

मागच्या वेळी ते पटवायला सहा खेपा लागल्या. कुठल्या खिडकीवर, ते लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती.

पहिल्या दिवशी मशीनने आईचा अंगठा घेतला नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. खिडकीतल्या मुलीने बोट पुसायला सांगितलं, आईने पदराने पुसलं. "आजी, जरा दाबून ठेवा." आई म्हणाली, "पोरी, अजून किती दाबू? पन्नास वर्षं दाबूनच ही दशा झाली." रांगेतले हसले. मुलगीही हसली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या." आठवड्याने अंगठ्याला नव्या रेषा फुटणार होत्या का, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रांगेत आपण असले प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद होता. तिसऱ्या खेपेला खिडकीत दुसराच माणूस. त्याने सगळं पहिल्यापासून केलं, अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि म्हणाला, "आधारमधले ठसे अपडेट करून आणा." चौथी खेप आधार केंद्रावर. तिथली टोकनं दहा वाजताच संपलेली. पाचव्या खेपेला ठसे अपडेट झाले. सहाव्या खेपेला परत मूळ खिडकीवर, आणि अंगठा परत नाहीच. आता मी आवाज चढवणार, एवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा मान वर करून म्हणाला, "चेहऱ्यावरून होतंय की ओ काका." त्याने स्वतःचा मोबाइल आईच्या तोंडासमोर धरला. "आजी, डोळे मिचकवा." आईने मिचकवले. चार मिनिटांत दाखला.

चेहरा दाखवून दाखला काढायची सोय नोव्हेंबर 2021 पासून आहे. विडीवाल्या बायकांच्या आणि मागवाल्यांच्या बोटांना रेषा राहत नाहीत, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सोय होती, गरज होती, दोघांच्यात तीन फुटांचं टेबल होतं आणि ते ओलांडायला आम्हाला सहा खेपा पडल्या. जाऊन-येऊन रिक्षाचे एकशेवीस. सहा खेपांचे सातशेवीस. हे हजारातून वजा करा.

पण मी हे पत्र लिहायला बसलो तो सातशेवीस रुपयांसाठी नव्हे. निघताना दाराशी एक फळा दिसला. त्यावर खडूने लिहिलं होतं, 'आज सेवा दिलेले नागरिक', आणि पुढे आकडा. मी जरा वेळ तिथेच थांबलो. डोक्यात आलं, या हिशेबात आई सहा वेळा धरलेली असणार. तिला एकदा हवं होतं ते मिळालं, पण ऑफिसच्या लेखी तिला सहा वेळा सेवा मिळाली. तिचे हाल जितके जास्त, तितका तुमचा आकडा मोठा.

मला वाटतं, गोची इथेच आहे.

आता थोडं मागाचं सांगतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

साध्या यंत्रमागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला तर माग थांबतो, तशी सोय त्यात असते. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तर मात्र थांबत नाही. तो खटाखट विणत राहतो, आणि चादरीत लांबच्या लांब रेघ पडत जाते. कारागिराची नजर तिथे असेल तर तो माग बंद करतो, धागा सांधतो, परत चालू करतो. दोन मिनिटांचं काम. नजर नसेल तर पुढची आख्खी चादर सेकंडमध्ये, म्हणजे खराब मालात जाते. आमच्याकडे नवीन पोरगा मागावर आला की मी पहिल्या दिवशी एकच सांगायचो: धागा तुटलेला दिसला की कुणाला विचारायला येऊ नको, आधी दांडा ओढ. कामावर पीसरेट असतो, जेवढा माल तेवढी मजुरी, त्यामुळे पोरं माग थांबवायला बिचकतात, थांबला माग म्हणजे बुडाले पैसे. ती भीती घालवायला मला सहा महिने लागायचे.

जपानात साकिची टोयोडा म्हणून एक सुताराचा मुलगा होता. आईला हातमागावर राबताना बघून त्याने मागावर डोकं चालवायला सुरुवात केली आणि जन्मभर तेच केलं. 1924 साली त्याचा स्वयंचलित माग आला. त्याची खुबी अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही, आणि एकेका मागावर डोळे लावून बसायला माणूस लागायचा नाही. 1929 मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. साकिचीच्या मुलाने मोटारगाडीच्या खटपटीला सुरुवात केली, त्यामागे हा पैसा होता असं सांगतात. तीच टोयोटा. पुढे त्या कारखान्यात साधा कामगारही दोर ओढून आख्खी लाइन थांबवू शकायचा, तो नियम मागावरून आलेला आहे. ज्या ताइइची ओनोने तिथली कामाची पद्धत बसवली, तोही आधी सूतगिरणीतच होता. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जगभरच्या मॅनेजमेंटच्या पोरांना जे शिकवतात ते आमच्या धंद्यातून गेलेलं आहे, आणि ज्या गावात 1870 च्या दशकात गिरणी उभी राहिली, त्या गावातल्या ऑफिसांना ते परकं वाटावं?

तुमच्या ऑफिसात धागा तुटतो आणि माग चालूच राहतो. आईच्या बाबतीत तो पहिल्याच दिवशी तुटला. खिडकीतल्या मुलीला ते दिसलंही. पण दांडा ओढायचा अधिकार तिला कुणी दिलेला नव्हता. थांबून शेजारच्या टेबलाला विचारलं असतं, तर मागची रांग ओरडली असती आणि फळ्यावरचा आकडा कमी झाला असता. मग तिने विणत राहायचं ठरवलं. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

ब्रिटनमध्ये जॉन सेडन नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी तिकडच्या नगरपालिकांच्या, घरभाडे मदतीच्या ऑफिसांच्या रांगा बसून पाहिल्या आणि एक साधी फोड केली. दारात येणारी माणसं दोन तऱ्हेची: एक, ज्यांना खरंच काहीतरी हवं आहे, दुसरी, ज्यांचं आधीचं काम झालं नाही किंवा अर्धवट झालं म्हणून परत आलेली. दुसऱ्या तऱ्हेचं काम ऑफिसने स्वतःच तयार केलेलं असतं. मग त्या कामासाठी नवी खिडकी, नवा माणूस, नवा कॉल सेंटरचा नंबर. त्यांनी याला इंग्रजीत लांबलचक नाव दिलं आहे. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्याकडे 'हेलपाटा' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यात चपलेची झीज, ऊन, बुडालेली हजेरी, सगळं आलं.

तुम्ही म्हणता, माणसं कमी आहेत, पदं रिक्त आहेत. खरं आहे, मी नाकारत नाही. पण रांगेतल्या किती जणांना तुम्हीच परत बोलावलं आहे, हे माहीत नसताना माणसं कमी आहेत हे कशावरून ठरवता? सहाव्या खेपेला आमच्या बाकावर सात जण होतो. वेळ जात नव्हता म्हणून मी प्रत्येकाला विचारलं. पहिल्यांदा आलेला एकच निघाला, आणि तोही चुकीच्या ऑफिसात आला होता.

आता सोलापूरचं खास सांगतो, कारण आपल्याकडे हेलपाट्यांची एक खाणच आहे, ती पुण्यात एवढी सापडणार नाही.

आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांतली नावं नांदतात. ती लिहून घेणारा माणूस कानाने लिहितो. आमच्या गल्लीत एक आजी आहेत. घरी त्यांना लक्ष्मव्वा म्हणतात. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई आहे. आधारवर नुसतंच लक्ष्मी. विडी कामगाराच्या कार्डावर लक्ष्मम्मा, कारण लिहून घेणारा बहुधा तेलुगू घरातला असावा आणि त्याला तेच बरोबर वाटलं असेल. एक घर, तीन कागद, मिळून चार बाया, आणि चारही जणींचा संधिवात एकच. आडनावांचं तर विचारू नका. एक 'ल' की दोन 'ल', शेवटी 'म' की अनुस्वार, आणि इंग्रजीत गेलं की आणखी वेगळं. मग प्रतिज्ञापत्र करा, ही आणि ती व्यक्ती एकच असल्याचा दाखला आणा, राजपत्रात नाव छापून घ्या. त्या एका 'ल'वर किती जणांची पोटं चालतात ते कोर्टाच्या आवारातल्या टेबलांवर जाऊन बघा.

याला उपाय काय? नाव साठवायच्या आधी पडदा माणसाकडे वळवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. 'लक्ष्मव्वा, व-ला व, बरोबर?' वीस सेकंद लागतील. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासोबत कुणीतरी आलेलं असतंच. माहिती भरताना वीस सेकंद वाचवायचे आणि पुढे पाच ऑफिसांच्या पाच खिडक्यांवर पाच-पाच खेपा काढायच्या, असला व्यवहार आमच्या शेठने एक दिवस चालू दिला नसता. पण शेठला सेकंडचा माल त्याच्याच गोदामात दिसतो. तुमचा सेकंडचा माल दुसऱ्याच्या गोदामात जाऊन पडतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही. जन्माच्या नोंदीतली चूक वीस वर्षांनी पासपोर्टच्या वेळी वर येते. तोवर लिहिणारा निवृत्तही झालेला असतो.

कायद्याने काही होत नाही का, असं कुणी म्हणेल. कायदा चांगला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली आला. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणं हा हक्क झाला. कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार, अपील कुणाकडे, हे सगळं फलकावर लावायला हवं. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. मी हा कायदा वाचून दोन शेजाऱ्यांचे अर्ज मार्गी लावलेत, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही.

पण मुदत मोजायला लागलं की माणूस मुदत सांभाळायला लागतो. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी 'त्रुटी' लावून परत येतो. एक कागद कमी आहे म्हणे. तो कागद दिला की नवा अर्ज, नवी मुदत, आणि जुन्या अर्जापुढे 'निकाली'. घड्याळ शून्यावर. वरच्या साहेबाच्या तक्त्यात सगळं हिरवं. त्रुटी पहिल्या दिवशी का सांगितली नाही, हा रकाना तक्त्यात नसतोच.

यात कारकुनाला खलनायक करायची मला इच्छा नाही. आईच्या विड्या कारखान्यात मोजून घ्यायचे तेव्हा छाट काढायचे. तोंड नीट बंद नाही, छाट. जरा सैल, छाट. छाट तिच्या मजुरीतून. कधी पानंच करपकी यायची, त्याला ती काय करणार? पण छाट तिचीच. त्यामुळे विड्या सुधारल्या नाहीत. बायकांनी एवढंच केलं की चांगली पानं वर लावायची आणि मुकादमाशी गोड बोलायचं. दंडाची भीती घातली की माणूस काम सुधारत नाही, दंड चुकवायची कला सुधारतो. तुमच्या खिडकीतल्या मुलीला पान करपकं येत असेल तर तिच्या पगारातून छाट काढून आईचा अंगठा उमटणार नाही.

आपल्या राज्यात हे कुणी करून बघितलं नाही असंही नाही. 1980 च्या दशकात अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची बसण्याची मांडणी, अभिलेख, कागदाची वाट, सगळं नव्याने लावलं. जुनी माणसं अजून 'लखिना पॅटर्न' म्हणतात. 2017 साली पुणे विभागात, म्हणजे आपल्याही जिल्ह्यात, तेव्हाचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही काम तुंबून न ठेवण्याची मोहीम लावली. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे. ज्या ऑफिसात ते मनापासून झालं तिथे कपाटं मोकळी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या सहांतल्या एका गठ्ठ्याचं नाव मात्र माझ्या डोक्यातून जात नाही: 'प्रतीक्षाधीन'. ऑफिसने आपलं काम केलं आहे, आता दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट बघणं चालू आहे, अशी प्रकरणं. ऑफिसच्या बाजूने अगदी रास्त गठ्ठा. पण आईच्या बाजूने बघितलं तर तिचा जन्म सगळा त्याच गठ्ठ्यात गेला. कागद कुठे आहे हे दोन्ही साहेबांनी बघितलं, आणि ते थोर काम होतं. माणूस कितव्यांदा आला, हे बघायचं राहिलं आहे.

संगणकाने हे सुटेल असं आपल्याला फार वाटलं. जानेवारी 2016 मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत सोलापूर आलं, तेव्हा आम्ही कारखान्यात पेढे वाटले. अॅप आली, ऑनलाइन अर्ज आले. काही कामं खरोखर सोपी झाली. पण वाकडी वाट संगणकात घातली की ती वाकडीच राहते, फक्त वेगाने चालते. आधी चपला झिजायच्या. आता ओटीपी येत नाही, फाइल दोनशे केबीपेक्षा मोठी होते, आणि मग माणूस नेटकॅफेवाल्याला पन्नास रुपये देतो. तोही हेलपाटाच, फक्त तो तुमच्या दारात दिसत नाही.

आणि हे निव्वळ खिडक्यांचं दुखणं नाही. पाणी घ्या. उजनी धरण भरलं की 117 टीएमसी. आणि सोलापूरच्या नळाला वर्षानुवर्षं तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी पाच. मोठी जलवाहिनी लागते, त्यावर माझा वाद नाही. पण पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत काय होतं ते बघायला या. पाणी नक्की किती वाजता येणार हे माहीत नसतं, म्हणून घरातली एक बाई कामाला जात नाही. म्हणजे तिची तेवढी मजुरी बुडाली. पाणी आलं की पिंप, बादल्या, घागरी, पातेली, सगळं भरायचं. पण त्याआधी काय? चार दिवसांचं शिळं पाणी ओतून द्यायचं! पाणी पुरत नाही म्हणून आम्ही साठवतो, आणि साठवतो म्हणून ओततो. प्रत्येक घर स्वतःपुरतं शहाणं, आणि गल्लीतलं गटार पाण्याच्या दिवशी दुथडी. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. चोवीस तास येणार असेल तर कोण कशाला पिंप भरून ठेवेल? सोलापूर मलकापूरच्या कितीतरी पट मोठं आहे, तेव्हा उद्याच तसं करा असं मी म्हणणार नाही. निदान वेळ नक्की सांगा आणि पाळा, तेवढ्यानेही त्या बाईची एक हजेरी वाचेल.

त्या बाईची हजेरी कुणाच्याच वहीत नाही, हे माझं दुखणं आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नाही, वीज कंपनीच्या ताळेबंदात नाही. पीसरेटवर जगणाऱ्या गावात वेळ म्हणजे थेट पैसा. पगारदाराला अर्धा दिवस रजा टाकता येते. हजार विड्यांवर मजुरी असणाऱ्या बाईला रांगेतले तीन तास म्हणजे तीनशे-चारशे विड्या कमी. उद्योग येत नाहीत, पोरं पुण्याला जातात, म्हणून आपण विमानतळाकडे बघत बसतो. विमानतळ असू द्या. पण या गावाची रोजची कमाई रोज थोडी थोडी बाकांवर बसून सांडते आहे, ती आधी गोळा करा.

'आपल्या लोकांनाच शिस्त नाही' हे वाक्य तुमच्या केबिनमध्ये मी बऱ्याचदा ऐकलं आहे. ज्या विडीवाल्या बायकांना नावाचा एक कागद धड मिळत नाही, त्यांनीच सहकारी संस्था करून कुंभारीला दहा हजार घरं उभी केली, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्यांच्या चाव्या द्यायला आले. आणि गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, येऊन बघा. सात नंदीध्वज, एवढ्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांची फेरी, लाखाची गर्दी. आधी कित्येक दिवस सराव चालतो. काठी जरा कलली तर धरणारा वर बघून परवानगी मागत नाही, शेजारचा हात आपोआप पुढे येतो. शिस्त आमच्याकडे आहे, ती तुमच्या दारात आल्यावर कुठे जाते ते तुम्ही शोधा.

मागणं सांगतो आणि थांबतो. मोठं नाही, पैसे लागत नाहीत, शासन निर्णय लागत नाही.

एक महिना, प्रत्येक खिडकीवर एक वही ठेवा. आलेल्या माणसाला पहिला प्रश्न: 'याच कामासाठी कितव्यांदा आलात?' तो आकडा लिहा, आणि पुढे चार शब्दांत, मागच्या वेळी कशावर अडलं. बस्स. आकडा वाईट आला म्हणून कुणाला नोटीस देणार नाही, हे आधी लेखी सांगा, नाहीतर सगळ्यांचीच पहिली खेप लिहिली जाईल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. महिन्याने वही घेऊन स्वतः बसा. तुम्ही, हाताखालच्याला देऊ नका. मला वाटतं चार-पाच कारणंच पुन्हा पुन्हा निघतील. अंगठा, नाव, एक ठरावीक कागद, सर्व्हर, सही करणारा साहेब जागेवर नसणं. त्यांतलं एक निवडा आणि तेवढंच मुळापासून काढा.

आणि त्या महिन्यात एक दिवस खिडकीच्या आत बसा, एक दिवस बाहेर बाकावर. ओनो म्हणे नव्या इंजिनिअरभोवती खडूने वर्तुळ काढायचा आणि सांगायचा, इथे उभा राहून बघ. तासन्‌तास. तुम्हाला वर्तुळ नको, बाक आहे. तो दुपारी दोननंतर फार तापतो, पंखा त्याच्यापर्यंत पोचत नाही, हेही तेव्हा कळेल.

तिसरं, खिडकीतल्या माणसाला दांडा ओढू द्या. समोरच्याचं काम आपल्याकडून होत नाही असं दिसलं, तर 'पुढच्या आठवड्यात या' म्हणायच्या आधी उठून शेजारच्याला, आतल्याला, वरच्याला विचारायची त्याला मुभा असू द्या, आणि तेवढा वेळ रांग थांबली तर थांबू द्या. रांग ओरडेल. पहिले काही दिवस आम्हीही शेठची ओरड खाल्ली होती.

दाराशी असलेला तो फळा पुसू नका. त्यावर 'सेवा दिलेले नागरिक' आहेच, त्याच्या खाली दुसरी ओळ घाला: 'त्यांपैकी पहिल्याच खेपेत काम झालेले'.

आईचा दाखला निघाल्या दिवसापासून वर्षभर चालतो. पूर्वी सगळ्यांनी नोव्हेंबरमध्येच यायचं असा नियम होता, दिवाळीनंतर नुसती जत्रा भरायची. कुणीतरी विचार करून तो बदलला, ज्याने त्याने आपापल्या तारखेला यावं असं केलं आणि ती गर्दी सरली. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. तिची तारीख माघ महिन्यात, गड्ड्याची गर्दी सरल्यावर येते. त्याच खिडकीवर येऊ. आईने विचारून ठेवलं आहे, तो पोरगा अजून तिथेच आहे का, त्याला शेंगाचटणी न्यायची आहे. वही ठेवलेली असली तर आमची खेप पहिली म्हणून लिहा.

कळावे,

पूर्व भागातला एक निवृत्त मागवाला